खोली मोजणारा कॅमेरा संगणकाला जोडताना



आजरा भागात काजूचा हंगाम लागला की गळलेली बी वेचायला माणूस मिळत नाही, हे तुम्हांला वेगळं सांगायला नको. म्हणून घरची शिकलेली पोरं वेचणीची छोटी गाडी करू बघतात. गाडीला डोळा हवा. खोली मोजणारा कॅमेरा हा तो डोळा. चित्रातला एकेक ठिपका किती मिलिमीटर लांब आहे, हे तो सांगतो.

घोडं अडतं ते जोडणीत. पडदा काळाच राहतो आणि महागाचा माल खराब निघाला असं वाटतं. लगेच परत धाडू नका. आधी केबल बघा. रियलसेन्स डी-४३५ सारख्या कॅमेऱ्याला यूएसबी-३ ची केबल लागते. मोबाईलच्या चार्जरची केबल तोंडात बसते खरी, पण ती बहुधा यूएसबी-२ ची असते. लिनक्सवर 'एलएसयूएसबी -टी' ही आज्ञा द्या. कॅमेऱ्यापुढे '५०००एम' दिसलं तर ठीक. '४८०एम' दिसलं तर केबल नाहीतर संगणकाची खाच बदला.

दुसरी गोष्ट परवानगीची. कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरबरोबर 'यूडेव्ह'चे नियम येतात. ते बसवा आणि कॅमेरा काढून पुन्हा लावा. दर वेळी 'सूडो' लावून काम भागवू नये, असं माझं मत आहे.

आता आरओएस-२. उबुंटू २२.०४ असेल तर हंबल, २४.०४ असेल तर जॅझी. ही जोडी मोडू नका. आधी रियलसेन्स व्ह्यूअरमध्ये चित्र बघा. तिथं दिसलं की कॅमेरा धडधाकट आहे, पुढचा दोष मांडणीचा. आरव्हिझमध्ये 'फिक्स्ड फ्रेम' मुळात 'मॅप' असते, ती 'कॅमेरा_लिंक' करा. एवढ्या एका शब्दापायी पोरांच्या रात्री जातात!

बागेतलं ऊनही ध्यानात घ्या. २०१० साली आलेला पहिला कायनेक्ट अवरक्त ठिपके टाकून खोली मोजायचा. उन्हात ते ठिपके पुसून जात. डी-४३५ दोन डोळ्यांनी बघतो, त्यामुळे पाचोळ्यावर उन्हातही त्याला बरं दिसतं. मात्र घनसाळच्या चिखलणी केलेल्या वाफ्यात साचलेलं पाणी आरशासारखं चकवतं, तिथल्या आकड्यावर गाडी सोडू नका. कॅमेरा जमिनीपासून निदान हातभर उंच बांधा. ३० सेंटिमीटरच्या आत आणि ३ मीटरच्या पलीकडे त्याचा भरवसा कमी. जिथं मोजता आलं नाही तिथं तो शून्य देतो. शून्य म्हणजे वस्तू चिकटून आहे असं नव्हे, हे प्रोग्राम लिहिणाऱ्या पोराला आधीच सांगून ठेवा.