हवा आपली आपण भरू

(पनवेल येथे कार्यकर्त्या मैत्रिणींसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सकाळपासून आपण कायदा आणि हिंसाचार यांवर बोललो. आता मी टायरमध्ये हवा भरायच्या पंपावर बोलणार म्हटल्यावर काही जणी हसल्या. हसा, पण ऐका. आज गाडीवर किती जणी आल्या, विचारलं तर अर्ध्याहून जास्त हात वर झाले. स्वतःच्या हाताने चाकात हवा कितींनी भरली आहे, म्हटलं तर दोनच हात उरले.

पनवेल तालुक्यात आपलं काम पसरलेलं आहे. नेरे, मालडुंगे, धोदाणीकडच्या वाड्या आहेत, गोव्याच्या रस्त्याला कर्नाळ्याचं जंगल आहे. द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी, म्हणजे खोपोलीकडे जायचं तर जुना पुणे रस्ताच. एखाद्या बाईला नवऱ्याने मारून घराबाहेर काढलं आणि तिचा रात्री आठला फोन आला, तर तिच्यापर्यंत पोचणं आपल्या चाकावर अवलंबून असतं. चाक बसलं की आधी आपली सोय कोण करणार, हा प्रश्न येतो. आणि घरचे म्हणतात, "म्हणूनच सांगत होतो, रात्रीची जाऊ नकोस."

पुण्याच्या कायनेटिकची लूना 1972 साली आली आणि 1984 साली कायनेटिक होंडा. बटण दाबलं की गाडी सुरू, गिअरची कटकट नाही. कितीतरी बायका त्यामुळे घराबाहेर पडल्या. पण गाडी चालवणं आपल्याकडे आलं, तिची देखभाल मात्र भाऊ, नवरा आणि गॅरेजवाला यांच्याकडेच राहिली. मी पंप घ्यायला गेले तेव्हा दुकानदार म्हणाला, "मॅडम, साहेबांना पाठवा ना." गाडी माझी, पैसे माझे, आणि निवड करायची साहेबांनी!

तर निवड कशी करायची ते पाहू.

घरातला सायकलचा साधा पंप चालत नाही. आपल्याकडच्या साध्या सायकलचा व्हॉल्व्ह वेगळा असतो. स्कूटर-मोटारसायकलचा व्हॉल्व्ह मोटारीसारखा, त्याला बसणारं तोंडच हवं.

पायपंप सर्वांत स्वस्त, काही शेकड्यांत मिळतो. त्याला ना चार्जिंग ना वायर. जड असतो, पण डिकीत मावतो. हातपंप लहान असतो, पण घाम काढतो. गाडीच्या बॅटरीवर चालणारा 12 व्होल्टचा पंप घ्याल तर त्याची वायर मोटारीतल्या सॉकेटसाठी असते, आणि तसं सॉकेट बहुतेक स्कूटरांना नसतं. चिमट्याने थेट बॅटरीला जोडता येतो का, ते विचारा. शिवाय स्कूटरची बॅटरी लहान, तिच्यावर भार फार पडतो. चार्जिंगचा पंप सोयीचा, ठरवलेल्या आकड्याला आपोआप बंद होतो. पण महिनोन्‌महिने डिकीत पडून राहिला तर गरजेच्या वेळी मेलेला असतो. महिन्यातून एक तारीख ठरवा आणि चार्ज करा.

खोक्यावर "150 पौंड" असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. त्याला भुलू नका. आपल्या स्कूटरला पुढे साधारण 22 ते 25 आणि मागे 29 ते 36 पौंडच लागते. नेमका आकडा गाडीवरच्या चिठ्ठीवर किंवा पुस्तिकेत असतो. मागे कोणी बसणार असेल तर जास्त. काही मीटर किलोत दाखवतात. 1 किलो म्हणजे सुमारे 14 पौंड. हवा गाडी थंड असताना, सकाळी मोजावी. आणखी एक, स्कूटरचं चाक लहान, व्हॉल्व्हपर्यंत हात नीट जात नाही. म्हणून पंपाची नळी लवचीक हवी. घेण्याआधी दुकानातच आपल्या गाडीला लावून बघा.

पंपाने सगळं होत नाही, हेही सांगते. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा घुसला तर हवा बहुधा हळूहळू जाते. खिळा उपटू नका. हवा भरा आणि सावकाश पंक्चरवाल्यापर्यंत जा. ट्यूबचा टायर असेल किंवा टायर बाजूने फाटला असेल तर पंप उपयोगाचा नाही. आणि हमरस्त्यावर ट्रकांच्या वाटेत उभं राहून हवा भरू नका. उजेडाच्या जागेपर्यंत गाडी ढकलत न्या. धोका वाटला तर 112 ला फोन करा.

कोणी म्हणेल, पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळते. मिळते, तो आपला हक्कच आहे आणि तो जरूर मागा. पण वाडीवरच्या रस्त्याला पेट्रोल पंप नसतो.

चार्जिंगच्या पंपाला दीड-दोन हजार तरी लागतात. मानधनावर काम करणाऱ्या आपल्यासारखीला ते जड आहे. म्हणून माझी सूचना अशी, की प्रत्येक गटाने एक पायपंप आणि एक चार्जिंगचा पंप सामाईक घ्यावा. रात्रीच्या कामाला जी निघेल तिने चार्जिंगचा न्यावा, वहीत नोंद करावी. हा खर्च संस्थेच्या प्रवासखर्चात धरला जावा, ताईंच्या पदरचा नको.

जेवणानंतर बाहेर अंगणात माझी गाडी उभी आहे. पंप तिथेच ठेवते. प्रत्येकीने एकदा मागच्या चाकातली हवा मोजून, थोडी सोडून, पुन्हा भरून बघायची. ज्या दोघींनी हात वर केले होते, त्या शिकवतील.