‘एकच’ ऑब्जेक्ट, पण कोणाच्या हद्दीत?

आज गुरुग्राममधून बोलतोय. विषय जावाचा आहे: एकाच टॉमकॅटवर दोन-तीन वेब ॲप्लिकेशन्स चालतात, त्या सगळ्यांना मिळून एकच ऑब्जेक्ट कसं वापरायला द्यायचं?

आधी माझी फजिती सांगतो. इथल्या एका ऑफिसात मी नवा होतो. एक ॲप काउंटरसाठी, दुसरं एजंटांसाठी. पावतीचा नंबर देणारा क्लास मी लिहिला. स्टॅटिक, सिंगलटन, सगळं पुस्तकात असतं तसं. जार फाइल दोन्ही ॲप्सच्या वेब-इन्फमधल्या लिब फोल्डरात टाकली. संध्याकाळी अकाउंट्समधून फोन आला: एकाच नंबरच्या दोन पावत्या, ग्राहक वेगळे. पैसे कोणाच्या नावावर जमा करायचे? त्या रात्री आम्ही एकेक पावती हाताने जुळवली.

चूक कुठे झाली? इथल्या सोसायट्यांत पाच-सहा टॉवर असतात. प्रत्येक टॉवरच्या वॉचमनने आपापलं रजिस्टर ठेवलं, तर प्रत्येकाची नोंद एकपासूनच सुरू होणार. टॉमकॅटमध्येही प्रत्येक ॲपला स्वतःचा क्लासलोडर असतो. तोच क्लास दोघांनी वेगवेगळा लोड केला, की जावाच्या लेखी ते दोन वेगळे क्लास. मग स्टॅटिक व्हेरिएबलही दोन!

उपाय काय? रजिस्टर मेन गेटवर ठेवा. म्हणजे जार टॉमकॅटच्या स्वतःच्या लिब फोल्डरात टाका, आणि दोन्ही ॲप्समधून काढा. हे काढणं विसरू नका, कारण टॉमकॅट ॲपचा क्लास आधी ॲपच्याच फोल्डरात शोधतो. दुसरा मार्ग जेएनडीआयचा: सर्व्हर डॉट एक्सएमएलमध्ये ग्लोबल रिसोर्स नोंदवायचा आणि प्रत्येक ॲपमधून रिसोर्स-लिंकने तो घ्यायचा. क्लास मात्र तेव्हाही टॉमकॅटच्याच लिबमध्ये हवा.

दोन पथ्यं पाळा. एक, या ऑब्जेक्टवर अनेक थ्रेड एकदम येणार, म्हणून साध्या इंटऐवजी ॲटॉमिक-लाँग आणि साध्या हॅशमॅपऐवजी कॉन्करंट-हॅशमॅप वापरा. दोन, त्यात एखाद्या ॲपच्या स्वतःच्या क्लासचं ऑब्जेक्ट अडकवून ठेवू नका. ते ॲप काढलं तरी त्याचा क्लासलोडर मेमरीत राहतो, आणि चार-सहा वेळा रीडिप्लॉय केलं की मेमरी भरत जाते.

एवढं करून मी खूश होतो. मग एका सीनियरने विचारलं, “सर्व्हर रीस्टार्ट झाला तर? उद्या दुसरा टॉमकॅट लावला तर?” उत्तर सरळ होतं: मेमरीतला नंबर पुन्हा एकवर येणार, आणि दुसऱ्या जेव्हीएमला पहिल्याचं ऑब्जेक्ट दिसणारच नाही. शेवटी पावतीचा नंबर आम्ही डेटाबेसच्या सीक्वेन्सवर नेला. सामायिक ऑब्जेक्टमध्ये फक्त कॅशे ठेवला, जो गेला तरी पुन्हा भरता येतो.

म्हणून कोड लिहिण्याआधी विचारा: ‘एकच’ म्हणजे एका ॲपमध्ये, एका जेव्हीएममध्ये, की सगळ्या सर्व्हरांत मिळून? हद्द ठरली, की जागा आपोआप ठरते. आणि जिथे लोकांच्या पैशांचा हिशेब आहे, तिथे मेमरीवर विसंबू नका.

भेटू पुढच्या भागात.