घरची धूळ आणि दमेकरी माणूस
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मी चार शब्द बोलावे असे कार्यवाहबाईंनी सांगितले, तेव्हा मी म्हटले, "मी ना डॉक्टरीण, ना विदुषी, बोलणार काय?" त्या म्हणाल्या, "तुमच्या फडक्यांवर बोला." तेव्हा आज फडके, झटकणी आणि केरसुणी यांच्यावरच बोलते. विषय क्षुल्लक वाटेल. पण ज्या घरात दमेकरी माणूस आहे, तिथे तो क्षुल्लक नाही.

माझा सहा वर्षांचा नातू दमेकरी आहे, आणि मला स्वच्छतेचे भारी वेड. सकाळी उठले की झटकणी घ्यायची आणि तसबिरींपासून कपाटाच्या माथ्यापर्यंत सारे फटाफट झटकायचे. सून एकदा हळूच म्हणाली, "आई, तुम्ही झटकायला लागलात की हा खोकायला लागतो." मी ताडकन म्हटले, "म्हणजे माझ्या स्वच्छतेने पोर आजारी पडते होय?" बिचारी गप्प बसली. पुढे दिवाळीच्या तोंडावर मी माळ्यापासून सारे घर झाडून काढले. त्या रात्री पोराला धाप लागली. छाती भात्यासारखी हलत होती. पंप देऊनही आराम पडेना, तेव्हा रात्री दोनला रिक्षा करून त्याला दवाखान्यात न्यावे लागले.

दोन दिवसांनी घरी आलो. मी सवयीने झटकणी उचलली. खिडकीतून कवडसा आला होता. एक फटकारा मारला आणि पाहते तो काय, टेबलावरची सारी धूळ त्या कवडशात तरंगत होती! थोड्या वेळाने ती पुन्हा टेबलावरच बसायची; मधल्या वेळात मात्र पोराच्या छातीत जायची. भगिनींनो, चाळीस वर्षे मी धूळ काढली असे समजत होते. मी तिला नुसती उठवत होते.

डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितले. घरच्या धुळीत डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव असतात. आपल्या अंगावरून झडणाऱ्या कोंड्यावर ते जगतात आणि गादी-उशांत वाढतात. त्यांच्या विष्ठेचे कण श्वासात गेले की पुष्कळ दमेकऱ्यांच्या श्वासनलिका सुजतात व आवळतात. धुळीच्या त्रासाचे मूळ हे जीव आहेत, हे १९६४ साली हॉलंडमधल्या संशोधकांनी मांडले. आपल्याकडच्या दमट पावसाळ्यात तर या जीवांचे फावतेच.

तेव्हा साधन निवडताना तीन प्रश्न विचारावेत. ते धूळ उडवते की धरून ठेवते? ते धुता येते का? धुतल्यावर लवकर वाळते का? कारण ओलसर राहिलेल्या फडक्याला बुरशी धरते, आणि तीही दमेकऱ्याला बाधते. पिसांची झटकणी पहिल्याच प्रश्नाला नापास होते.

सर्वांत स्वस्त साधन आपल्या घरातच आहे: जुन्या सुती साडीचे किंवा धोतराचे फडके. ते भिजवून घट्ट पिळावे आणि वरून खाली पुसत यावे. फडके मळले की झटकू नये, बादलीत बुडवावे. हल्ली बाजारात मायक्रोफायबरचे फडके मिळते. त्याचे धागे केसाहूनही बारीक असल्यामुळे ते कोरडे असतानाही धूळ धरते. मात्र ते धुताना कपडे मऊ करणारे औषध घालू नये, त्याने धागे बुजतात; आणि टॉवेलांबरोबर धुऊ नये, त्यांची लव त्याला चिकटते.

पंख्यासाठी जुना अभ्रा घ्यावा. बटण बंद करून, पक्क्या स्टुलावर उभे राहून, ओलसर केलेला अभ्रा पात्यावर चढवावा आणि दोन्ही बाजूंनी दाबत ओढून घ्यावा. सारी धूळ आतच राहते. चादरी व अभ्रे दर आठवड्याला कढत पाण्यात, म्हणजे साठ अंशांच्या सुमारास, धुवावेत. त्या पाण्यात ते जीव मरतात.

केरसुणीला आपण लक्ष्मी मानतो, दिवाळीत तिची पूजा करतो. तिला घराबाहेर काढा असे मी म्हणत नाही. पण गवताचा नवा मऊ झाडू भुसा फार गाळतो. तो आधी बाहेर आपटून घ्यावा. झाडण्यापेक्षा लांब दांड्याच्या ओल्या फडक्याने फरशी पुसणे बरे. उग्र वासाचे फिनेल टाळावे. दमेकऱ्याच्या हाती फडके देऊ नये. सफाई चालू असताना आणि नंतर अर्धा तास तरी त्याला दुसऱ्या खोलीत बसवावे.

एक गोष्ट मात्र पदराला गाठ मारून ठेवा. फडके हे काही दम्याचे औषध नव्हे. आमचे घर आता ओल्या फडक्याने पुसले जाते, तरी डॉक्टरांनी दिलेला पंप आम्ही एक दिवसही चुकवत नाही.

उद्या सकाळी आपापल्या घरातल्या कवडशात झटकणीचा एक फटकारा मारून पाहा, म्हणजे माझे भाषण विसरलात तरी चालेल. आणि माझी सून आज तिसऱ्या रांगेत बसली आहे. जे मी तिला घरी कधी म्हटले नाही, ते चारचौघींत म्हणते: मुली, तुझे बरोबर होते.