धरणें आणि सोडणें

शिडी चढणारा मनुष्य वरची पायरी धरतो व खालची सोडतो. धरलेलें कांहींच सोडावयाचें नाहीं, असा हट्ट त्यानें केला तर तो जागचा हलणार नाहीं. गर्भांत वाढणाऱ्या मज्जापेशीलाही हेंच साधावें लागतें.

पेशीपासून निघालेल्या तंतूचें टोक पसरट पंज्यासारखें असतें. स्पेनचे शास्त्रज्ञ रामोन इ काहाल यांनीं १८९० मध्यें कोंबडीच्या गर्भांत तें पाहिलें व त्यास ‘वृद्धिशंकु’ असें नांव दिलें. या शंकूच्या पृष्ठभागावर ‘एल-वन’ नांवाचें चिकट प्रथिन असतें. शेजारच्या पेशीवरील तशाच प्रथिनाला तें बिलगतें, आणि त्या आधारानें तंतु पुढें सरकतो.

पण बिलगलेलें प्रथिन तसेंच राहिलें तर वाट खुंटेल. म्हणून शंकूच्या मागील भागीं पेशीचें आवरण आंत खळगतें. क्लॅथ्रिन नामक प्रथिनाची जाळी त्या खळगीस आंतील बाजूनें वेढते, आणि एल-वनसह एक इवलीशी पिशवी सुटून पेशींत येते. सूक्ष्मनलिकांच्या वाटेनें ती पुढील कांठाकडे नेली जाते व तेंच प्रथिन पुन्हा पृष्ठभागावर मांडलें जातें. कामिगुची व लेमन यांनीं हा फेरा कोंबडीच्या मज्जापेशींत २००० मध्यें दाखवून दिला. जुनें टाकून प्रत्येक वेळीं नवें घडविण्याचा खर्च पेशी अशा रीतीनें वांचविते.

या प्रथिनाचें मोल किती, हें त्याच्या उणिवेंत कळतें. त्याचें जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. त्यांत दोष असल्यास, मुख्यतः मुलग्यांच्या, मेंदूंत पाणी सांचूं शकतें, अंगठे तळव्यांत मुडपलेले राहूं शकतात व बुद्धीची वाढही मंदावते.

तंतु मुक्कामास पोंचला तरी हें काम संपत नाहीं. अप्लिसिया या सागरी गोगलगायीच्या मज्जापेशींना सेरोटोनिन दिल्यावर तासाभरांत त्यांच्या पृष्ठभागावरील असेंच एक चिकट प्रथिन आंत ओढलें जातें, असें बेली, कँडेल व त्यांच्या सहकाऱ्यांना १९९२ मध्यें आढळलें. जुनी मिठी सैल होते, तेव्हां नव्या जोडांस जागा मिळते. दीर्घकाळ टिकणाऱ्या स्मृतीसाठीं होणाऱ्या वाढीची ही एक आरंभींची पायरी होय.

एखादी गोष्ट पाठ करणारें मूल ती घट्ट धरून ठेवीत आहे, असें पाहणाऱ्यास वाटतें. परंतु त्या धरण्यासाठीं त्याच्या मेंदूंत कोठेंतरी कांहीं सुटलेलें असतें.