मोटारसायकलची शिदोरी

प्रवासाला निघताना शिदोरी बरोबर घ्यावी, असा आपल्या वडीलधाऱ्यांचा दंडक होता. माणसाला वाटेत भूक लागते, तशी यंत्रालाही वाटेत अडचण येते. माणसाच्या भुकेसाठी एखादी खाणावळ तरी भेटते. यंत्राच्या अडचणीला कारागीर भेटेलच, असा भरवसा नसतो. म्हणून मोटारसायकलच्या शिदोरीविषयी आज चार शब्द बोलण्याचे योजिले आहे.

आपले हुबळी-धारवाड मलनाड आणि मैदान यांच्या सीमेवर वसलेले आहे. पूर्वेस नवलगुंद-अण्णिगेरीकडे वळावे, तर पावसाळ्यात कच्च्या वाटेवरची काळी माती चाकाला अशी बिलगते, की चाक आणि मडगार्ड यांमधली फट बुजून गाडी जागीच अडते. पश्चिमेस अळणावर-रामनगरावरून अनमोड घाटाने गोव्याकडे निघावे, किंवा यल्लापूर मागे टाकून अरबैल घाटाने अंकोल्याकडे उतरावे, तर दोहों बाजूंस रान आणि डोक्यावर पाऊस. एकीकडे चिखल खरवडण्यासाठी लाकडाची चपटी काठी लागते, तर दुसरीकडे पाने, पकड आणि विजेरी. शिदोरी वाट पाहूनच बांधावी लागते.

आपल्या देशात 1950 च्या दशकात मद्रासला बुलेट तयार होऊ लागली. 1961 साली म्हैसूरला जावा निघू लागली, आणि 1973 पासून तीच येझ्दी या नावाने ओळखली जाऊ लागली. म्हैसूरचा तो कारखाना 1996 मध्ये बंद पडला. तथापि त्याच्या गाड्या हौशी मालकांनी अजून चालत्या ठेविल्या आहेत. या गाड्यांचे वैशिष्ट्य असे, की साध्या माणसाला त्यांचे दुखणे ओळखता येई आणि पुष्कळदा ते दूरही करता येई.

इंजिन चालण्यास मुख्यतः तीन गोष्टी लागतात: पेट्रोल, ठिणगी आणि सिलिंडरातला दाब. गाडी बंद पडली की घाबरून किकवर किक मारण्यापेक्षा याच क्रमाने विचार करावा. टाकीत पेट्रोल आहे काय? नळ उघडा आहे काय? मग प्लग काढून पाहावा. जावासारख्या टू-स्ट्रोक गाडीत तेल पेट्रोलातच मिसळलेले असते. मिश्रण जाड झाले, तर प्लग काळा आणि ओशट होतो व ठिणगी मरते. अशा वेळी एक नवा प्लग आणि तो बसविण्याचा पाना एवढ्यावर काम भागते. याउलट तेल मुळीच न घालता नुसते पेट्रोल भरले, तर पिस्टन तापून जाम होतो. ते दुखणे रस्त्यावर बरे होत नाही. म्हणून अशा गाडीवाल्याने तेलाची छोटी बाटली आणि माप विसरू नये.

मग आणखी काय घ्यावे? याला माझी तीन प्रश्नांची कसोटी आहे. ही वस्तू बिघडल्यास गाडी थांबेल काय? ती पिशवीत मावेल काय? आणि ती मला स्वतःला बसविता येईल काय? तिन्हींचे उत्तर 'होय' असेल, तरच ती वस्तू बरोबर घ्यावी. या कसोटीस क्लचची वायर उतरते, ॲक्सिलरेटरची वायर उतरते, फ्यूज, दिव्याचा बल्ब आणि साखळीचा जोड उतरतो. तो जोड बसविताना क्लिपची बंद बाजू साखळीच्या धावण्याच्या दिशेस ठेवावी. उलट बसविल्यास क्लिप निसटण्याचे भय असते. चाकासाठी ट्यूब, सोल्यूशन, ठिगळे आणि हातपंप हवा. टायर ट्यूबविना असेल, तर छिद्र बुजविण्याच्या पट्ट्या पुरतात. थोडी तार आणि चिकटपट्टीही असू द्यावी. मात्र यातील प्रत्येक काम एकदा घरच्या अंगणात करून पाहावे. जो नट घरी सुटत नाही, तो घाटात पावसात सुटेल ही आशा व्यर्थ आहे.

कोणी म्हणेल, आता 2020 पासूनच्या नव्या गाड्यांत इंधनाचा कारभार इलेक्ट्रॉनिक यंत्रणेकडे गेला. खिशात मोबाईल आहे. मग हे ओझे कशाला? आक्षेपात तथ्य आहे. नव्या गाडीच्या त्या पेटीला आपण हात न लावणेच शहाणपणाचे. परंतु खिळा टायर पाहून रुतत नाही, वायर गाडीचे वय पाहून तुटत नाही, आणि रानातल्या कित्येक वळणांवर मोबाईल मुका होतो.

शिवाय ही शिदोरी केवळ आपल्यासाठी नसते. संत लूकच्या शुभवर्तमानातील दयाळू शोमरोनी आपणांस ठाऊक आहे. यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या वाटेवर घायाळ पडलेल्या माणसाला पाहून याजक निघून गेला, लेवी निघून गेला, शोमरोनी थांबला. त्याच्या दयेचे आपण कौतुक करतो, ते योग्यच आहे. पण एका गोष्टीकडे आपले लक्ष जात नाही: जखमांवर ओतावयास त्याच्यापाशी तेल आणि द्राक्षारस होता. नुसता कळवळा असता आणि पडशी रिकामी असती, तर तो त्या माणसाजवळ रडत बसला असता. आपल्याकडे 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 134अ हे कलम आले आणि अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण मिळाले. भीतीचे कारण कायद्याने कमी केले. पडशी भरण्याचे काम मात्र आपलेच आहे. म्हणून पान्यांशेजारी स्वच्छ पट्ट्या आणि जंतुनाशक औषधही ठेवावे.

संध्याकाळी घाटात कोणी कुटुंबासह गाडी ढकलीत असतो. त्याच्याजवळून जाताना वेग कमी करून 'काय झालं हो?' एवढे विचारणे सोपे आहे. पण त्यापुढचे वाक्य 'थांबा, माझ्याकडे आहे' हे ज्याला म्हणता येते, त्याचीच शिदोरी खऱ्या अर्थाने सार्थकी लागली.