तेलातले जीव आणि लोणारच्या गाळातले त्यांचे भाऊबंद



बुलढाणा जिल्ह्याच्या जमिनीखाली खनिज तेल नाही. लोणारपाशी खोल खोल खणत गेलात तर सहाशे-सातशे मीटरपर्यंत काळा बसाल्टच लागेल. तरीही आज मी तेलसाठ्यांत राहणाऱ्या सूक्ष्मजीवांविषयी बोलणार आहे. ते तेल खाणाऱ्या मंडळींच्या साथीने मिथेन वायू तयार करतात, आणि त्यांचे अगदी जवळचे भाऊबंद आपल्या लोणार सरोवराच्या गाळात आहेत.

तेलाचा साठा पृथ्वीच्या पोटात किलोमीटर-दोन किलोमीटर खोल असतो. तिथे ऊन पोहोचत नाही, हवा नाही, वरून पडणारा दाब प्रचंड. अशा जागी कुणी जिवंत असेल हे मानायला शास्त्रज्ञ सहजी तयार नव्हते. १९२६ साली शिकागो विद्यापीठातले भूशास्त्रज्ञ एडसन बॅस्टिन यांनी तेलविहिरींतून वर आलेल्या पाण्यात सल्फेटवर जगणारे जिवाणू दाखवले. त्यावर आक्षेप आला, की विहीर खोदताना हे जिवाणू वरूनच आत गेले असणार. हा वाद बरीच वर्षं चालला.

१९९९ साली जर्मनीतल्या ब्रेमेनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत एक गोष्ट सिद्ध केली. हेक्झाडेकेन हा तेलातला एक घटक आहे. सोळा कार्बन अणूंची ती लांब साखळी. ऑक्सिजनचा कणही नसताना सूक्ष्मजीवांचा समूह तिचे तुकडे करतो आणि शेवटी मिथेन बाहेर पडतो, हे त्यांनी दाखवलं. पुढे २००८ मध्ये न्यूकॅसल आणि कॅलगरी इथल्या संशोधकांनी म्हटलं, की हेच काम तेलसाठ्यांत लाखो वर्षं चालत आलेलं आहे. हलके, चांगले घटक खाल्ले जातात आणि मागे उरतं ते जड, डांबरासारखं तेल. कॅनडातल्या आल्बर्टा प्रांतात डांबराने माखलेल्या वाळूचे अफाट साठे आहेत, ते असेच सूक्ष्मजीवांनी खाऊन उरलेले आहेत.

हे काम कसं चालतं ते जरा सविस्तर सांगतो, कारण सगळी गंमत तिथेच आहे. तेलाची साखळी तोडणारे जिवाणू वेगळे आणि मिथेन करणारे वेगळे. पहिले साखळी तोडतात, तेव्हा अॅसिटेट आणि हायड्रोजन तयार होतो. हा हायड्रोजन थोडासाही साचला की त्यांचं काम अडतं. मळणीयंत्रासमोरचा भुसा कुणी ओढला नाही तर यंत्र तुंबतं, तसंच. तो हायड्रोजन उचलतात मिथेन करणारे जीव. हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन ते मिथेन बनवतात आणि त्यातून मिळणाऱ्या एवढ्याशा ऊर्जेवर जगतात. दोघांनाही एकट्याने जगणं तिथे अशक्य असतं.

या सगळ्याला तापमानाची मर्यादा आहे. साठा सुमारे ८० अंश सेल्सिअसच्या वर गेलेला असेल तर तिथलं तेल सहसा खाल्लेलं दिसत नाही. काही साठे एकेकाळी खोलवर जाऊन तापले आणि नंतर जमिनीच्या हालचालींमुळे वर आले. आज ते थंड आहेत, तरी त्यांतलं तेल शाबूत आहे, कारण पूर्वीच्या उष्णतेने आतले जीव मरून गेले.

आणि मग, २०२२ च्या सुरुवातीला ‘नेचर’ या नियतकालिकात एक शोधनिबंध छापून आला. चीनमधल्या शेंगली तेलक्षेत्रातून आणलेल्या नमुन्यांत ‘मिथेनोलिपॅरम’ नावाचा जीव सापडला होता. तो तेलाची लांब साखळी स्वतःच तोडतो आणि मिथेनही स्वतःच करतो. दोघांचं काम एकाच पेशीत! मला यात विशेष आनंद वाटतो तो अशासाठी, की या शोधात पुढे होती चेंग्दू शहरातली बायोगॅस संशोधन संस्था. शेणाचा वायू अभ्यासणारी माणसं तेलसाठ्याच्या तळाशी पोहोचली.

यात नवल काहीच नाही. आपल्या शेतावरच्या गोबरगॅसच्या टाकीत हेच घडतं. शेणातला चोथा एक जमात कुजवते, आम्लं दुसरी तयार करते, आणि शेवटचा मिथेन करणारी जमात तेलसाठ्यातल्या जमातीच्याच कुळातली. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत १८९७ साली मैल्याच्या टाक्यांवर वायू गोळा करण्याची सोय केलेली होती आणि त्या वायूवर इंजिन चालवलं जात होतं. म्हणजे या जिवांशी महाराष्ट्राची ओळख सव्वाशे वर्षांची आहे. त्यांचं कूळ मात्र उशिरा कळलं. अमेरिकेत कार्ल वूस आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ साली दाखवलं, की मिथेन करणारे हे जीव जिवाणू नाहीतच. जीवसृष्टीची ती एक स्वतंत्र शाखा आहे. तिला आज आर्किया म्हणतात.

बुलढाणेकरांनी तर आर्किया डोळ्यांनी पाहिलेले आहेत. जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं होतं, आठवतं ना? पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासून सांगितलं, की खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्कियांचा तो रंग. त्या उन्हाळ्यात पाणी घटलं, क्षार वाढले आणि त्यांचं फावलं. पाण्यातले हे गुलाबी जीव आणि तळातले मिथेन करणारे जीव, दोन्ही त्याच शाखेचे.

आता तळाकडे वळू. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर उल्कापाताने झालेलं. पाण्याचा सामू १० च्या आसपास, म्हणजे साबणाच्या पाण्यासारखा तीव्र अल्कधर्मी. अकबराच्या काळातल्या ‘ऐन-इ-अकबरी’तही इथल्या काच आणि साबण करण्याच्या जिनसांची नोंद आहे. अशा पाण्याखालच्या काळ्या गाळात ऑक्सिजन नसतो. पाण्यावर शेवाळ्याची हिरवी वाढ होते, मरते, खाली बसते, कुजते. सडक्या अंड्यांसारखा जो वास काठावर येतो, तो सल्फेटवर जगणाऱ्या जिवाणूंचा. हायड्रोजन आणि अॅसिटेट यांवर त्यांचाही डोळा असतो, आणि सल्फेट मुबलक असेल तिथे या स्पर्धेत ते जिंकतात. तेव्हा मिथेन करणाऱ्यांपैकी काहींनी वेगळं अन्न धरलं आहे: मिथेनॉल आणि मिथिलअमाइन्स. ही सल्फेटवाल्यांना फारशी नको असतात. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातले योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये लोणारच्या गाळात मिथेनॉलवर जगणारा ‘मिथेनोलोबस’ कामात गुंतलेला दाखवला. त्याआधी, २००७ मध्ये, पुण्याच्याच संशोधकांनी ‘मिथेनोकॅल्क्युलस’ आणि ‘मिथेनोक्युलियस’ हे दोन जीव याच गाळातून वेगळे वाढवले होते. त्यात आघारकर संस्थेचे दिलीप रानडे होते. त्याच संस्थेत पुढे जुन्या तेलविहिरींतलं अडकलेलं तेल उष्णताप्रिय सूक्ष्मजीवांच्या मदतीने वर काढण्यावर काम झालं, तेही ९० अंशांच्या वरच्या तापमानात. लोणारचा गाळ आणि तेलविहीर पुण्यातल्या एकाच संस्थेत अशी भेटली.

तळात तयार होणारा सगळा मिथेन हवेत जातो असं नाही. तो खाणारे जिवाणूही लोणारमध्ये आहेत. २०१० मध्ये तेही सिद्ध झालं. हे महत्त्वाचं आहे, कारण शंभर वर्षांचा हिशेब धरला तर मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीसपट हवा तापवतो.

लोणारला येणाऱ्या माणसाला विवर दाखवतात, दैत्यसूदनाचं मंदिर दाखवतात, कमळजादेवीचं दर्शन घडवतात. ते व्हायलाच हवं. पण माझ्या मते लोणारचा गाळ हीसुद्धा तेवढीच मोठी ठेव आहे, आणि तिच्याविषयी कुणी चकार शब्द काढत नाही. गावाचं सांडपाणी आणि गोडं पाणी आत येत राहिलं तर सामू उतरेल, क्षार पातळ होतील, आणि खाऱ्या-अल्कधर्मी पाण्याला सरावलेल्या या जमातींची जागा साध्या डबक्यातल्या जमाती घेतील. ते डोळ्यांना दिसणारही नाही. पाणी गुलाबी झालं तेव्हा सगळा देश बघत होता; गाळ बदलला तर कुणाला कळणार?

नोव्हेंबर २०२० मध्ये लोणारला रामसर कराराखालची आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता मिळाली. पाण्याची पातळी आणि सामू मोजतात, तसे दर हंगामात ठरलेल्या जागांवरून गाळाचे नमुने घ्यावेत, आणि त्यातून सुटणारा वायूही मोजावा. आलेस्सान्द्रो व्होल्टाने १७७६ साली इटलीतल्या माज्जोरे सरोवराचा गाळ ढवळून वर येणारे बुडबुडे गोळा केले आणि मिथेन ओळखला. गाळावर उपडं धरलेलं नरसाळं, त्याच्या तोंडाशी पाण्याने भरलेली बाटली, एवढ्यावर सुरुवात होते. पुढची तपासणी मोठ्या प्रयोगशाळेत होईल. पण बाटली भरून आणण्याचं काम वनखात्याची परवानगी घेऊन जिल्ह्यातल्या महाविद्यालयांतली सूक्ष्मजीवशास्त्राची मुलंमुली करू शकतील, आणि पहिला नमुना येत्या पावसाळ्याआधीच घेतला जावा, असं मला मनापासून वाटतं.