समिती बसते तेव्हाच समिती असते



 आपल्यापैकी बहुतेकांनी सोसायटीचे किंवा अपार्टमेंटचे सचिव किंवा खजिनदार म्हणून रात्री दहा वाजता दारावरची बेल ऐकली आहे. गळक्या छतापासून पार्किंगच्या भांडणापर्यंत सगळे उंबऱ्यात उभे राहून ऐकून घेतले आहे, तेही विनावेतन. त्या सेवेला आधी नमस्कार करतो. आज मी एकाच प्रश्नावर बोलणार आहे: समितीचा अधिकार किती आणि तिने नेमलेल्या मॅनेजरचा किती?

एक अनुभव सांगतो. मी राहत होतो त्या सोसायटीत एका उन्हाळ्यात पाण्याची टंचाई झाली. अध्यक्षांनी मॅनेजरला फोनवर सांगितले, रोज तीन टँकर मागवा. खजिनदार म्हणाले, मला विचारल्याशिवाय एकाहून जास्त नको. आणखी एका सदस्याने ओळखीच्या टँकरवाल्याचा नंबर दिला. मॅनेजरने आपल्या परीने सगळ्यांचे मन राखले. महिनाअखेरीस बिल आले, तेव्हा धनादेशावर सही करायला कोणी तयार होईना. टँकर बंद झाले आणि समितीने मॅनेजरचा पगार अडवला.

विशेष सर्वसाधारण सभेत कोणीतरी इतिवृत्ताची वही मागितली. चार महिन्यांत समितीची एकही बैठक झालेली नव्हती. मॅनेजरच्या नेमणूकपत्रात पगाराचा आकडा होता, कामाबद्दल एक ओळ नव्हती. सभेत सगळे त्याला दोष देत होते. मी त्या समितीचा सदस्य होतो आणि बैठक का होत नाही, हे मी एकदाही विचारले नव्हते. ती खंत माझ्या मनात अजून आहे, म्हणून आज हा विषय घेतला.

आपला कायदा याबाबत स्पष्ट आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 72 प्रमाणे अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेचा आणि कलम 73 प्रमाणे व्यवस्थापनाचा अधिकार समितीकडे. हा अधिकार कायद्याने समितीला एकत्रितपणे दिला आहे, सदस्यांना सुटासुटा वाटून दिलेला नाही. नोटीस काढणे, इतिवृत्त लिहिणे, दप्तर सांभाळणे ही कामे उपविधींनी सचिवाला नेमून दिली आहेत, ती त्याने करायचीच. पण नवा ठेकेदार नेमायचा, वॉचमन बदलायचा, तर बैठक हवी, ठराव हवा. जिन्यात झालेले बोलणे किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर उमटलेले अंगठे म्हणजे ठराव होत नाही.

अपार्टमेंटधारकांची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्यांना 1970 चा महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम लागू होतो. सोसायटीत एका सभासदाला एक मत; अपार्टमेंटमध्ये मत आणि सामाईक खर्च, दोन्ही घोषणापत्रातल्या हिश्श्याच्या टक्केवारीवर चालतात. मॅनेजर नेमता येईल का आणि नेमला तर व्यवस्थापक मंडळाचे कोणते अधिकार त्याच्याकडे सोपवायचे, हे उपविधींत लिहावे, अशी या कायद्याची अपेक्षा आहे. तरीही घोषणापत्र आणि उपविधी फ्लॅट घेताना सही करून कपाटात जातात आणि भांडण पेटल्यावरच बाहेर निघतात.

त्या उन्हाळ्यानंतर आम्ही एक पान लिहिले. मॅनेजरला सूचना एकानेच द्यायच्या, त्या सचिवाने, आणि शक्यतो लेखी. किती रकमेपर्यंतचा खर्च त्याने स्वतः करायचा, किती रकमेला दोन सह्या लागतील, कोणता खर्च बैठकीशिवाय होणारच नाही, हे आकड्यांत मांडले. त्याने काय करायचे नाही, हेही लिहिले. थकबाकीदाराशी वाद घालायचा नाही, आणि कोणीही सांगितले तरी कुणाच्या घरचे पाणी तोडायचे नाही. सोसायटीची थकबाकी वसूल करायला निबंधकांकडून वसुली दाखला मिळवण्याचा रीतसर मार्ग आहे. हे पान सर्वसाधारण सभेत मंजूर करून सूचना फलकावर लावले. तोच मॅनेजर पुढे नऊ वर्षे राहिला. माणूस तोच होता, फक्त त्याला मालक किती आणि कोण, हे आता ठरले होते.

इतके करूनही वाद होतील. तेव्हा पहिली पायरी लेखी तक्रार. समितीने ती पुढच्या बैठकीत घ्यावी आणि निर्णय लेखी कळवावा. समिती ऐकत नसेल, तर एकपंचमांश सभासदांना विशेष सर्वसाधारण सभेची मागणी करता येते. ही तरतूद अनेकांना ठाऊकच नसते. त्याही पुढे जावे लागले, तर दार ओळखून ठोठावा. सोसायटीचे दप्तर मिळत नाही, हिशेब तपासले जात नाहीत, तर उपनिबंधक. ठरावाच्या किंवा कारभाराच्या वैधतेचा वाद असेल, तर कलम 91 खाली सहकार न्यायालय. अनधिकृत बांधकाम असेल, तर महापालिका. मारहाण झाली, तर पोलीस. चुकीच्या दारात गेलेली तक्रार वर्षे खाते आणि तेवढ्या काळात शेजाऱ्याशी असलेले बोलणेही तुटते.

मुंबईत गावदेवीला 1915 साली सारस्वत गृहनिर्माण संस्था उभी राहिली. तिच्यामागे श्रीपाद सुब्राव तालमकी यांची धडपड होती. चार घरांनी एकत्र येऊन आपला कारभार आपण पाहायचा, हा विचार तेव्हा नवा होता. आज तो आपल्याला इतका सवयीचा झाला आहे की, त्यासाठी बसावे लागते, ऐकावे लागते, लिहून ठेवावे लागते, हेच आपण विसरत चाललो आहोत.

म्हणून आपल्याकडे एकच मागणे मागतो. घरी गेल्यावर समितीची बैठक बोलवा. कार्यक्रमपत्रिकेत पहिला विषय घ्या: मॅनेजरच्या कामाचे आणि अधिकारांचे पान. त्या बैठकीला मॅनेजरलाही बोलवा, समोर खुर्ची द्या आणि त्याच्या अडचणी आधी ऐका. आपल्या इमारतीचा पंप कधी बंद पडतो, लिफ्ट कुठे अडते, कोणत्या घरात एकटे आजी-आजोबा राहतात, हे त्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असते.